पुढच्या चाकांचे शॉकअप

तोक्तोसुनच्या घरची गाडी सव्वीस वर्षांची होती आणि त्या घरात सुनेपेक्षा तिचा मान मोठा होता. हे उगाच म्हटलेलं नाही. गाडी अंगणात शिरली की म्हातारा काठी टेकत उठायचा, तिच्याभोवती एक फेरी मारायचा, काचेवरची धूळ बाहीने पुसायचा. सून कोळशाच्या दोन बादल्या घेऊन शिरली तर तो पसरलेले पायसुद्धा आवरायचा नाही.

सुनेचं नाव बुरुल. माहेर तलासचं, दोन खिंडींच्या पलीकडचं. वडील हयात होते तेव्हा त्यांचं तिथे गॅरेज होतं, आणि मुलगा काचकीन लहान होता म्हणून पाना धरायला मोठी मुलगी असायची. त्यामुळे गाडीच्या पोटातलं बुरुलला जेवढं कळायचं तेवढं तिचा नवरा मेदेर आणि सासरा दोघांना मिळूनही कळत नव्हतं. पण हे त्या घरात बोलायची सोय नव्हती.

वसंत लागला, रस्त्यांवरचं बर्फ उतरलं, खड्डे उघडे पडले आणि गाडीचे पुढचे दोन्ही शॉकअप गेले. प्रत्येक खड्ड्याला धाडकन आवाज, ब्रेक दाबला की नाक जमिनीला. त्याच आठवड्यात तलासहून काचकीनचा फोन आला की आईनं अंथरूण धरलंय, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय, आणि ती सारखं तुझं नाव घेते.

बुरुलनं त्याच दिवशी सासऱ्यापुढे चहा ठेवताना मान खाली घालून विचारलं, "बाबा, मी बाजाराच्या फाटकापासून टॅक्सीनं जाऊ का? दर तासाला सुटते. पाच-सहा तासांत पोचेन."

"टॅक्सीनं?" तोक्तोसुननं चहाची वाटी खाली ठेवली. "चार परक्या पुरुषांच्या मांडीला मांडी लावून? रिकाम्या हातानं? तोक्तोसुनच्या दारचा घोडा मेला, असं म्हणायचंय का तुला तलासभर?"

"आई आजारी आहे, बाबा."

"मग मानानं जाऊ. मेंढी घेऊ, आपल्या गाडीनं जाऊ, मी पुढं बसेन. शॉकअप बसले की निघालोच. मी काय नाही म्हणतोय?"

मेदेर बापाशेजारी चहा पीत होता. बायकोच्या मागोमाग बाहेर येऊन तो म्हणाला, "एका रविवारचा तर प्रश्न आहे गं." एवढं बोलून त्याला आपण तिची बाजू घेतल्यासारखं वाटलं.

शहराच्या टोकाला सुट्या भागांचा बाजार आहे. एकावर एक चढवलेले लोखंडी कंटेनर, मध्ये बोळ, आणि बोळात जपानहून आलेल्या मोडक्या गाड्यांची आतडी मांडलेली. पहिल्या रविवारी तिघं तिथे गेले. बुरुलला न्यायचं कारण तिची बोटं. जुना शॉकअप उभा धरायचा, दांडा पूर्ण खाली दाबायचा आणि सोडायचा. तो सावकाश, एका चालीनं वर आला तर जीव आहे. मध्ये अडखळला किंवा खालीच बसला तर मेलेला. रंग ताजा असेल तर आधी रंगाखाली नखानं खरवडायचं, कारण गळका माल पुसून रंगवून विकणारे तिथे पैशाला पासरी.

तोक्तोसुनला सगळं ठाऊक होतं. नव्या चिनी मालाला तो हातही लावत नव्हता. "कागदाचा आहे. जपानी जुना घ्यावा, म्हातारा घोडा वाट चुकत नाही." दहा कंटेनर पालथे घातल्यावर बुरुलला एक जोडी सापडली. दांडा चकचकीत, कुठे तेलाचा डाग नाही, दोन्ही सारख्या चालीनं वर येत होते.

"हे चांगले आहेत, बाबा," ती म्हणाली.

तिथंच तिचं चुकलं. तिनं गप्प राहून नुसती मान हलवली असती तर म्हाताऱ्यानं ते स्वतःच्या पारखीचे म्हणून घेतलेही असते. पण दुकानदार हसला आणि म्हणाला, "तुमच्या सुनेला कळतं हो, दादा! तिच्याकडून शिकून घ्या." झालं. तोक्तोसुनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानं किंमत निम्म्यावर मागितली, दुकानदार नाही म्हणाला, आणि तिघं हात हलवत घरी आले.

दुसऱ्या रविवारी ती जोडी विकली गेली होती. मग डावा मिळाला तर उजवा मिळेना, उजवा मिळाला तर तो मेलेला. एका ठिकाणी म्हातारा दुकानदाराशी तासभर जुन्या ट्रकांच्या गप्पा मारत बसला. त्याला त्या बाजारात मजा येत होती, हे बुरुलला कळत होतं. तिनं दोनदा मेदेरकडे पाहिलं. मेदेर सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. परतताना ती एवढंच म्हणाली, "आई माझी वाट बघतेय."

"आई कुठं पळून चाललीय?" म्हातारा म्हणाला.

त्यानंतरचा आठवडा विचित्र गेला. सोमवारपासून आईचा फोन लागेना, काचकीन उचलेना. मेदेर म्हणाला, वाऱ्यानं तिकडचे विजेचे खांब पडलेत, होईल दोन दिवसांत. बुरुल रोज रात्रीचा स्वयंपाक झाला की फोनवर आईसाठी निरोप बोलून ठेवायची. आज काय रांधलं, पोराचा दात कसा पडला, या रविवारी शॉकअप नक्की. सासू तिच्याशी गोड बोलू लागली. गुरुवारी शेजाऱ्यांच्या नातवाला पाळण्यात घालायचं जेवण होतं, तिथं बायकांनी बुरुलला वरच्या अंगाला, मानाच्या जागी बसवलं, ताटात चांगला तुकडा वाढला. एकीनं गळ्यात पडून मुका घेतला. सगळ्यांनी आग्रह केला म्हणून ती गाणंही म्हणाली, आणि नाचली.

तिसऱ्या रविवारी पुन्हा बाजार. मेंढी आधीच घेऊन गाडीच्या मागच्या भागात बांधली होती. बुरुलला वाटलं, देव पावला. ती पहिल्याच कंटेनरपाशी खाली बसली आणि एक जोडी दाबून पाहू लागली. दांडा मध्येच अडखळत होता.

"राहू दे ते," तोक्तोसुन म्हणाला. "नवे घे. डब्यातले."

बुरुलनं वर पाहिलं. "नवे? ते महाग आहेत, बाबा."

"असू दे. तुला आवडतील ते घे, पोरी."

नऊ वर्षांत त्यानं तिला पोरी म्हटलं नव्हतं. 'ए सून' म्हणायचा, फार तर 'गॅरेजवाल्याची'. बुरुलच्या हातातला शॉकअप हातातच राहिला. तिनं सासऱ्याकडे पाहिलं, तो कंटेनरच्या कुलपाकडे बघत होता. नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या हातात आज बिया नव्हत्या.

आमच्याकडे आईबापाच्या मरणाची बातमी लेकीच्या तोंडावर फोनवरून फेकत नाहीत. ती सासरच्या वडीलधाऱ्या पुरुषाला कळवतात. मग त्यानं चार शहाणी माणसं जमवायची, तिला मध्ये बसवायचं, हाताशी पाणी ठेवायचं आणि हळूच सांगून लगेच घेऊन निघायचं. रीत चांगली आहे. माणसाचं काळीज फुटू नये म्हणून केलेली आहे. पण कधी सांगायचं हे ज्याच्या हातात, तो तोक्तोसुन असला की रीत काय करणार?

"कधी गेली?" बुरुलनं विचारलं.

"इथं नको," म्हातारा म्हणाला. "घरी सगळी जमलीत. रीतीनं सांगू."

"कधी गेली, बाबा?"

उत्तर मेदेरनं दिलं. "सोमवारी. पहाटे."

"माती?"

"बुधवारी."

दुकानदार आत जाऊन उगाच डबे सरकवू लागला. बुरुल बोटांवर मोजत होती. सोमवारनंतर तिनं सहा दिवस या दोघांना जेवायला वाढलं होतं. पाळण्याचं जेवण गुरुवारी होतं. त्या अंगणातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं आणि प्रत्येकीनं तिला नाचताना पाहिलं होतं.

"काचकीनला काय सांगितलंत?"

"निघालोय, म्हणालो," तोक्तोसुन म्हणाला, आणि आता त्याचा आवाज चढला, कारण आपण काही चुकलो असं त्याला खरोखरच वाटत नव्हतं. "मग काय सांगू? गाडी बसलीय म्हणू? व्याह्यांच्या दारी मयताला भाड्याच्या गाडीतून उतरू? उद्या आठवडा होतोय, सातव्याचं जेवण आहे. मेंढी घेतलीय, नवे शॉकअप घालतोय, तुझ्याचसाठी घालतोय ना? ताठ मानेनं नेतो तुला."

"दोन दिवस त्यांनी माती थांबवली होती," मेदेर पुटपुटला. "तू येशील म्हणून." मग त्यानं पायाशी ठेवलेल्या डब्यातला नवा शॉकअप उचलला, जरा घुटमळला, आणि म्हणाला, "बुरुल, पण हे... हे बसतील ना आपल्या गाडीला?"

म्हातारासुद्धा चमकून त्याच्याकडे बघू लागला. बुरुल उठली. हाताचं ग्रीस तिनं परकराला पुसलं.

"दाबून बघा," ती म्हणाली. "हात आहेत ना तुम्हाला."

फाटकापाशी तलासची टॅक्सी एका माणसासाठी थांबली होती. मेदेर बोळाच्या तोंडापर्यंत हाका मारत आला. तिथे उभा राहिला. त्यापुढे आला नाही. बुरुल मागच्या बाजूला दोन पुरुषांच्या मध्ये बसली, त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि दोघेही दाराकडे सरकले. कुणाची मांडी तिला लागली नाही. तलासपर्यंत कुणी तिला एक शब्द विचारला नाही. साडेपाच तास लागले.

माहेरच्या अंगणातला मयत ठेवायचा तंबू उतरवून झाला होता. गवतावर त्याचा गोल पिवळा डाग होता. काचकीन उद्याच्या जेवणासाठी चूल खणत होता. बहिणीला पाहून त्यानं फावडं टाकलं नाही.

"आलीस?"

बुरुलनं त्याला सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, अडखळत, एकही गोष्ट न लपवता. सोमवार, बुधवार, गुरुवारचं नाचणं, डब्यातले नवे शॉकअप. तो ऐकत होता. त्याला खरं वाटलं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि तिला क्षणभर सुटल्यासारखं झालं.

"म्हाताऱ्यानं मरण लपवलं," काचकीन म्हणाला. "त्याचं बघून घेईन मी. पण ताई, आजारपण कुणी लपवलं होतं? मी तुलाच फोन केला होता. दोन आठवडे ती दाराकडे तोंड करून निजली होती. कूस बदलू देईना." त्यानं फाटकाबाहेर अजून उभ्या असलेल्या टॅक्सीकडे बोट केलं. "ही टॅक्सी तेव्हा नव्हती?"

बुरुलनं तोंड उघडलं. बाबांनी नको म्हटलं, हे वाक्य जिभेवर आलं आणि तिथंच थांबलं. घरातून बायका तिला आत न्यायला धावत आल्या, दोघींनी काखेत हात घातले. काचकीन पुन्हा खणायला लागला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि बायका तिला ओढत आत घेऊन गेल्या.