दुरुस्त केलेला रकाना

शिवहार सरांनी सेनगावच्या कॉलेजात चोवीस वर्षं भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली आणि एकच गोष्ट मनाशी पक्की केली : दुरुस्त केलेलं रीडिंग म्हणजे शेजाऱ्याच्या वहीतून उचललेलं रीडिंग. लंबकाचं उत्तर हमखास बरोबर आणणाऱ्या पोरांचे गुण ते न बोलता कापत.

म्हणून मुबश्शीरच्या नेट कॅफेत एका परदेशी वेधशाळेचं सर्वांना खुलं असलेलं आकड्यांचं भांडार उघडलं, तेव्हा त्यांनी खबरदारी घेतली. ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून, तारा किती वेगानं आपल्याकडे येतोय किंवा लांब जातोय, ते तिथे मांडलेलं होतं. भोवती ग्रह असला की तारा हेलकावे खातो आणि ग्रहाच्या एका वर्षात हा वेग एकदा चढून उतरतो. वेगाचे रकाने दोन : मोजलेला आणि दुरुस्त केलेला. दुसऱ्याकडे सरांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

हे सगळं चाललं होतं अजीजभाईंसाठी. त्याच कॉलेजातले गणिताचे निवृत्त मास्तर, आता पुसेगावला खाटेवर. दोन्ही किडन्यांनी राजीनामा दिलेला. तारा दोघांनी मिळून निवडला होता. जायच्या आधी एक ग्रह पाहायचा, एवढंच त्यांचं मागणं.

पहिल्या काही महिन्यांच्या आकड्यांत वेग चढताना दिसला आणि सर पुसेगावला जाऊन सांगून मोकळे झाले, "ग्रह हाय, अजीजभाई. दांडगा हाय."

"वर्ष किती दिवसांचं त्याचं?"

"पुढचे आकडे उतरवू द्या."

"जल्दी कर बाबा. माझ्याजवळ फाजील वर्षं न्हाईत."

एका दुपारी लाईट आली तेव्हा पुढचे आकडे उतरले. रेघ चढली, उतरली, जिथून निघाली तिथे येऊन मिळाली. सरांनी दिवस मोजले. पुन्हा मोजले. मग नाइलाजानं दुसरा रकाना घेतला, तर सरळ सपाट रेघ आली. तालुक्यातल्या कुठल्याच रस्त्याला न जमलेली. तारा जागचा हलत नव्हता. हलत होती पृथ्वी, दुर्बिणीसकट. तिची चाल वजा केली, यालाच त्या लोकांनी दुरुस्ती म्हटलं होतं.

"हँग झालं का सर?" मुबश्शीरनं विचारलं.

"न्हाई. मशीन बराबर हाय."

पुसेगावला रहमतबींनी नवऱ्याच्या पाठीशी उशी लावली.

"बोल. किती दिवस?" अजीजभाई म्हणाले.

"दोनशे नव्वद." शिवहार सरांचं आयुष्यातलं पहिलं दुरुस्त केलेलं रीडिंग.

"आलेख?"

"घरी राहिला."

"मग पिशवीतून काय डोकावून राहिलं? तुझ्या लग्नाचा फोटो?"

रहमतबींनी कागद काढून हातात दिला. अजीजभाईंचं बोट तळातून निघालं, चढलं, उतरलं, पुन्हा तळाशी थांबलं. बाहेर शेळ्या ओरडत होत्या.

"तीनशे पासष्ट. हे तर आपणच."

"व्हय."

"दुसरा रकाना काहून सोडला?"

"दुरुस्त केलेला लिहिलं होतं."

अजीजभाई हसायला गेले आणि खोकल्यात अडकले. रहमतबींनी पाणी पाजलं.

"अन् मला दोनशे नव्वद सांगून राहिला. पोरांचे गुण कापले ना तू?"

"कापले."

"तुझेबी कापले मी." त्यांनी डोळे मिटले. "दुसरा तारा काढ. बराबर रकान्यातून."

"टाइम लागंल, अजीजभाई."

"लागू दे. तू काढ. हा राहू दे माझ्याकडं."

कागद त्यांच्या छातीवर श्वासाबरोबर वर-खाली होत राहिला. सर त्याच्याकडे पाहत बसले. मोजलं मात्र नाही.