उंबऱ्यापुढची कोरी जागा

पहाटे लवकर उठायचं, असं आपल्यापैकी कुणी कधी ठरवलेलं नाही? सोमवारपासून, एक तारखेपासून, नाहीतर वाढदिवसापासून! चार दिवस उठतो आणि पाचव्या दिवशी गजर बंद करून कूस बदलतो. म्हणूनच जो खरोखर उठतो त्याचं आपल्याला भारी कौतुक वाटतं. तिरुनेलवेलीच्या नेल्लैयप्पनचं असंच कौतुक चाललं होतं. हा बेचाळीस वर्षांचा कारकून वर्षभरापूर्वी तुमच्याआमच्यातलाच होता. आठला उठायचा, धापा टाकत कचेरी गाठायचा आणि साहेबाची बोलणी खायचा. मग एके दिवशी त्याने मनावर घेतलं, आणि घेतलं ते घेतलंच.

साडेचारला उठणं, अर्धा तास ध्यान, मग ताम्रपर्णीवर जाऊन अंघोळ. परत आल्यावर कॉफी, दहा पानं वाचन आणि शेवटी वहीत पाच ओळी: आज मी कशाकशाबद्दल कृतज्ञ आहे. पोट उतरलं, रक्तदाब उतरला, कचेरीत बढतीही मिळाली. मोबाइलवर त्याने मित्रांचा एक गट काढला, त्याचं नाव ‘विडियल’ म्हणजे पहाट. त्या गटात तो रोज नदीवरून परतताच घरासमोरच्या कोलमचा, म्हणजे रांगोळीचा, फोटो टाकी. ‘तीनशे साठावा दिवस. शिस्त हेच सौंदर्य.’ खाली चाळीस-पन्नास अंगठे.

तो कोलम काढायची त्याची बायको गोमती. ती साडेतीनला उठायची. अंगण झाडून सडा घालायची, तांदळाच्या पिठाने दारापुढे कोलम रेखायची. मग नवऱ्याला अंघोळीनंतर लागणारी घडीची वेष्टी, म्हणजे धोतर, काढून ठेवायची, कॉफीचं डिकॉक्शन उतरवायची, इडलीचं भांडं चढवायची. नवरा ध्यानाला बसला की मुलीला, आठ वर्षांच्या वडिवूला, तोंडावर बोट ठेवून गप्प करायची. ध्यानात आवाज चालत नसे. हे सगळं आपोआप होतं, असं नेल्लैयप्पनला वाटे. खरं तर वाटतही नसे. त्याचा विचारच त्याने कधी केला नव्हता.

गोमती लग्नाआधी तमिळ विषय घेऊन एम. ए. झाली होती. सरकारी शाळांतल्या शिक्षकभरतीची परीक्षा यंदा मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या सुमारास, होती. वयाच्या अटीमुळे तिला पुन्हा बसता येणार नव्हतं. दोन महिने आधी ती नवऱ्याला म्हणाली, “अहो, मला सकाळचा एक तास मिळेल का? डोकं ताजं असतं तेव्हा. तेवढा वेळ तुम्ही इडलीकडे आणि वडिवूकडे बघाल?”

“गोमती, वेळ मिळत नसतो, काढावा लागतो,” तो समजावणीच्या सुरात म्हणाला. हे वाक्य त्याला गटात फार शोभून दिसे. “तू आणखी अर्धा तास आधी उठून बघ. सवय होते. माझी नाही झाली?”

“आणखी अर्धा तास म्हणजे तीन वाजता.”

“मग? मोठी माणसं तीनलाच उठतात!”

दुसऱ्या दिवसापासून ती तीनला उठू लागली. इडली वाफेवर असताना ओट्याला टेकून व्याकरण वाचू लागली. पुस्तकाच्या कडा ओल्या होऊन फुगल्या. भिंतीवरच्या, रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरात तिने परीक्षेच्या रविवारचं पान लाल पेनाने रंगवून ठेवलं. दिवसागणिक वरची पानं फाटत गेली आणि ते वर आलं.

आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, नेल्लैयप्पन नाचतच घरी आला. “उद्या चारशे दिवस होतात! गटातल्या सगळ्यांना बोलावलंय. नदीवरून थेट आपल्याकडे, सहा वाजता. तीसेक माणसं असतील. इडली, वडा, सांबार. तुझ्या हातचं खाल्लं की गप्पच होतील!”

“उद्या माझी परीक्षा आहे,” गोमती म्हणाली.

“नऊला ना? सातला सगळं आटपेल. मी आहे की!”

आटपलं नाही. अशा गोष्टी कधी सातला आटपल्यात? खाणं झालं, मग भाषणं झाली. एकाने आपली चरबी किती किलो घटली ते सांगितलं, दुसऱ्याने पहाटेच्या हवेवर स्वतःची कविता म्हटली. “वहिनी, सांबार अजून आहे का?” “वहिनी, एक कॉफी!” साडेआठला ती साडीही न बदलता रिक्षात बसली. परीक्षेचं केंद्र नदीपलीकडच्या पाळयंकोट्टैला होतं, वाटेत मार्गळीच्या भजनाची दिंडी आडवी आली. ती पोहोचली तेव्हा फाटक बंद होऊन सात मिनिटं झाली होती. दारावरचा माणूस वाईट नव्हता. “अम्मा, मला आता फाटकाला हात लावता येत नाही,” एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला.

ती घरी आली आणि तीस माणसांची भांडी घासली. नेल्लैयप्पन दिवसभर फोनवर अभिनंदनं स्वीकारत होता. पेपर कसा गेला, हे त्याने विचारलं नाही. रात्री नऊला तो ठरल्याप्रमाणे झोपला.

सोमवारी पहाटे तो नदीवरून परतला. मार्गळीत त्या गल्लीला काय रूप येतं! दारोदारी हातभर रुंद कोलम, मधोमध शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचं पिवळं फूल. ओल्या अंगाने त्याने फोन काढला आणि जागीच थबकला. त्याच्या दारापुढे काहीच नव्हतं. झाडू फिरला नव्हता, सडा पडला नव्हता. सगळ्या गल्लीत एकच उंबरा कोरा.

समोरच्या घरातली इसक्की आच्ची, ऐंशीची म्हातारी, तोंडाला पदर लावून लगबगीने आली.

“एले नेल्लैयप्पा, कोण गेलं रे? गावाहून फोन आला का?”

“कोण जाणार? कुणी नाही.”

“मग वडिलांची तिथी आज? ती तर आडी महिन्यात असते.” म्हातारी दाराकडे बघत राहिली. “घरात कुणी मेल्याशिवाय मार्गळीत दार कोरं ठेवतं का कुणी? गोमती आजारी आहे?”

दोघं आत गेली. गोमती बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात पुस्तकांचा गठ्ठा, सुतळीने बांधलेला.

“अगं, दार बघ जा!” आच्ची ओरडली. “सवाष्ण बाई तू, असलं अशुभ करतात?”

“मुद्दामच नाही काढला, आच्ची,” गोमती शांतपणे म्हणाली. “काल या घरात एक बाई गेली. सरकारी शाळेत तमिळ शिकवणार होती ती. कुणाला कळलंही नाही. मग मीच सुतक धरलं.”

“म्हणजे? तू पेपर दिला नाहीस?” नेल्लैयप्पन म्हणाला.

“फाटक बंद झालं होतं. तुमचे पाहुणे तिसऱ्यांदा सांबार मागत होते.”

“मग बोलायचं नाही का तिथल्या तिथे? मी उठवलं असतं त्यांना!”

“दोनदा खुणावलं. तुम्ही हात वर करून थांब म्हणालात. शिस्तीवर बोलत होतात.”

आच्चीचा राग गेला. ती गुडघे धरत गोमतीजवळ बसली आणि तिची पाठ चोळू लागली. मग नेल्लैयप्पनकडे वळली.

“आमचं म्हातारं साठ वर्षं पहाटे देवळात पहिल्या पूजेला जायचं. लोक पुण्यवान म्हणायचे. मी देवळापासून चार घरांवर राहते, पण ती पूजा मी एकदाही पाहिली नाही. घंटा तेवढी ऐकली, चुलीपुढून. त्याच्या पुण्याचं लाकूड मी होते रे, जळत होते. मला वाटलं, आता शिकलेली पोरं आली, दिवस बदलले. कसले बदलतात! तू साडेचारला उठतोस म्हणून तुझा सत्कार. ही तीनला उठते, हिला कुणी हार घातला?”

काहीतरी करायचं म्हणून नेल्लैयप्पनने कोनाड्यातली कृतज्ञतेची वही उचलली आणि पानं उलटत सुटला. उगवत्या सूर्याबद्दल कृतज्ञ. नदीच्या पाण्याबद्दल. निरोगी श्वासाबद्दल. कावळ्याच्या हाकेबद्दल. गरम कॉफीबद्दल, एकदा नव्हे, एकोणतीसदा! शांततेबद्दल. चारशे दिवस, दोन हजार ओळी. गोमतीचं नाव त्यात एकदाही नव्हतं. कॉफी कुणी केली? शांतता कुणी राखली? अरेरे, केवढा हा आंधळेपणा! तो वेष्टीत तोंड लपवून रडू लागला.

“उद्यापासून मी उठतो तीनला,” तो म्हणाला. “इडली, अंगण, वडिवू, सगळं माझ्याकडे. सकाळ तुझी.”

गोमतीने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत रागही नव्हता, आणि त्याचंच त्याला भय वाटलं.

“आता घेऊन काय करू?” ती म्हणाली. “मला ती दोन महिन्यांपूर्वी हवी होती.”

नेल्लैयप्पनने शब्द पाळला, हे मात्र मान्य करायला हवं. तो पहाटे उठून इडल्या करतो, सुरुवातीला त्या दगडासारख्या होत. कोलमही काढतो, वेडावाकडा, आणि गल्लीतल्या बायका हसतात. गटात त्याने सगळी हकीकत लिहिली, स्वतःला पाठीशी न घालता. सहाजण गट सोडून गेले. एकाने मात्र रात्री फोन करून विचारलं, इडलीची डाळ किती वेळ भिजवायची.

गोमतीला उशिरापर्यंत झोपायची मुभा आहे. पण तीनला तिचे डोळे उघडतात. भांड्यांचा आवाज ऐकत ती अंधारात पडून राहते. सुतळी तिने अजून सोडलेली नाही.

बंधू-भगिनींनो, पहाटे जरूर उठा. वाचा, धावा, ध्यान करा, माणूस त्याने घडतो. फक्त उठल्यावर आधी स्वयंपाकघराकडे बघा. तिथे दिवा लागलेला असेल, तर तुमच्याआधी कुणीतरी उठलेलं आहे. तुमची सकाळ त्या माणसाच्या झोपेतून कापून काढलेली असेल, तर तिला साधना म्हणू नका. आत जा, हातातलं काम काढून घ्या आणि विचारा, तुला तुझ्या सकाळी काय करायचं होतं? आजच विचारा. नेल्लैयप्पन आता रोज विचारतो, आणि गोमती म्हणते, “काही नाही.”