ब्लूज आणि ब्लाउज

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे, आणि खरे सांगते, मी फार दमले आहे. जबलपूरच्या उन्हाळ्यांनी माझी मान थोडी वाकली आहे. खुंट्या फिरवल्या की कुरकुरतात. पण मी वयाने दमलेली नाही, सुरुवातींनी दमले आहे.

माझा जन्म कोलकात्याच्या एका कारखान्यात झाला. जबलपूरच्या सदर बाजारातल्या दुकानातून श्रीपादने मला घरी आणले. तो तेव्हा तिथल्याच रांझी भागातल्या फॅक्टरीत नुकताच लागला होता आणि त्याला परदेशी रॉक गाण्यांचे वेड होते. त्या गाण्यांच्या आरंभी गिटारचा एक छोटा, ठसकेबाज तुकडा असतो, त्याला रिफ म्हणतात. तेवढा वाजला तरी ऐकणारे माना डोलावतात. श्रीपाद तेवढाच शिकला. फॅक्टरीच्या कार्यक्रमात टाळ्या पडल्या, तेव्हा मी खूप मिरवले. पुढे शिफ्ट आणि संसार आला आणि मी कपाटावर गेले. नंतर त्याच्या मुलाने, अजिंक्यने, मला खाली काढले. तोही एक रिफ झाली की दुसरीकडे वळे. पुण्याला नोकरी लागली तसा मला खोळीत घालून निघून गेला. नव्याचे नऊ दिवस ही म्हण माझ्यावरूनच पडली असावी. माझ्यावर आजवर एकही गाणे शेवटपर्यंत वाजलेले नाही.

मग एके दुपारी अजिंक्यच्या आईने, अमिताने, माझी धूळ पुसली. शाळेत शिकवून आणि घरचे उरकून तिला दुपारी तासभर मिळे. दार लोटून ती मोबाइलवर बघून शिकू लागली. तिला ब्लूज नावाचे उदास परदेशी संगीत आवडे. त्यात तार बोटाने वर ढकलतात आणि सूर कण्हत कण्हत चढतो. तिची बोटे सोलून निघाली. माझ्या गंजक्या तारांनाही ते सोसवत नव्हते.

तिच्या सासूबाई भानुमती यांना कमी ऐकू येई. आत काय करतेस, असे त्यांनी विचारले, तेव्हा अमिता म्हणाली, ब्लूज शिकते. त्यांनी ऐकले ब्लाउज. सून शिवणकाम शिकते म्हणून त्यांना कोण आनंद! बातमी महाराजपूरच्या नणंदेपर्यंत गेली. हळदीकुंकवाला ओटीत मिळालेले आणि वर्षानुवर्षे पेटीत पडून असलेले ब्लाउजपीस घरोघरून येऊ लागले. खरे सांगितले तर दुपारचा तास जाईल, या भीतीने अमिता गप्प राहिली. शाळेतून येताना ती कापड नथ्थू टेलरकडे टाकी आणि शिवून झालेले घरी आणी. पलंगावर एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कापडाचा ढीग. मला तर हसावे की रडावे ते कळेना.

दिवाळीत अजिंक्यने आजीसाठी कानाचे यंत्र आणले. दुसऱ्याच दुपारी दार ढकलून भानुमती आत आल्या. मी अमिताच्या मांडीवर होते. आता पुन्हा कपाट, असे मी मनाशी म्हटले.

"मला वाटलं, तू रडून राहिली," त्या म्हणाल्या.

अमिताने खाली मान घालून सगळे सांगून टाकले. भानुमतींनी ढीग सरकवला आणि पलंगावर टेकल्या.

"ते टाके नथ्थूचे आहेत, हे मला पहिल्याच ब्लाउजला समजलं होतं. म्हटलं, थकते बिचारी, एक घंटा झोपत असेल. झोपू दे."

अमिताच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आले.

"अच्छा, थांबली काहून? पुढचं वाजव ना."

"पुढचं येत नाही, आई."

"मग येते तेवढंच वाजव. मी बसून राहते."

त्याला आता बरेच महिने झाले. गाणे अजून अर्ध्यावरच आहे. ते पुरे होण्याआधी माझी मान मोडेल, असे मला रोज वाटते. तरी दुपारी खोळीची चेन उघडली की मी मुकाट्याने बाहेर येते.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे जुने वाद्य असेल तर त्याला कूलरच्या ओलाव्यात टाकू नका, अधूनमधून तारा पुसा. आणि घरातले कोणी दुपारी दार लोटून बसत असेल, तर ते आत काय करते हे विचारण्याआधी, ते दमले आहे का एवढे बघा.