कुरणातलं टाकं

बुधाजीला कुरणाच्या राखणदाराची सरकारी नोकरी लागली, तेव्हा दर्यापूरकडच्या त्या गावानं तोंडात बोटं घातली. कुरण कसलं, गुरांनी चाटूनपुसून खाल्लेला माळ होता तो. वनखात्यानं तारेचं कुंपण घातलं, गुरं बाहेर हाकलली, काळविटांचा कळप तेवढा आत राहू दिला. दोन पावसाळ्यांत गवत कमरेला लागलं. साहेब खूश, बुधाजी त्याहून खूश.

नदीच्या अंगाला कुंपणात एक खिंडार होतं. तिथून हरणं पूर्णेच्या डोहावर पाणी प्यायला जात आणि येता-जाता हरभऱ्यात तोंड घालत. हिवाळ्यात कुणीतरी तिथं फास लावला. त्यात अडकलेली एक हरणी पाय झाडून झाडून मेली. बुधाजीला ते पाहवलं नाही. छप्पन्न साली नागपूरला दीक्षा घेताना त्यानं सगळ्या जिवांवर दया करायचं कबूल केलं होतं, आणि कबूल केलेलं विसरणारा माणूस तो नव्हता. त्याच दिवशी त्यानं खिंडार बाभळीच्या काट्यांनी गच्च बुजवलं आणि कुरणातल्या विहिरीचं पाणी शेंदून हरणांसाठी विहिरीजवळच्या टाक्यात ओतायला लागला.

"खारं पाणी पितीन का ते?" त्याच्या बायकोनं, पंचफुलानं विचारलं.

"आपण नाई का पिऊन राहिलो?"

हिवाळ्यात ते खपलंही. पण खारपाणाच्या मुलखातली विहीर उन्हाळ्यात जसजशी खाली जाते तसतशी जास्त खारट होते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गुरांना हगवण लागू नये म्हणून चैत्रापासून सगळं गाव त्यांना डोहावर नेतं. बुधाजीही आपली बैलजोडी रोज संध्याकाळी कुंपणाच्या कडेकडेनं डोहावर नेई. आतली हरणं मान वर करून बघत राहत. त्याला वाटे, आपल्याला ओळखायला लागली. वेडा कुठला!

वैशाखात हरणं मरायला लागली.

"उन्हाचं व्हते तसं," तो म्हणाला. "रानच्या जनावराले रान पाहते."

मग कळपातला काळा नर टाक्याशीच पडला. टाकं काठोकाठ भरलेलं होतं.

"मंग बैलाईले काहून नेता डोहावर?" पंचफुला म्हणाली.

बुधाजी तसाच पळत गेला. खिंडारातले काटे नुसत्या हातांनी ओढून काढले, डोहावरून घागर भरून आणली. पण बाहेर पडायचं बळ एकाही हरणात उरलं नव्हतं. बोरीखाली एक गाभण हरणी बसली होती. तो जवळ गेला, ती पळाली नाही. त्यानं मानेवर हात ठेवला, तरी पळाली नाही. तेव्हा मात्र त्याला रडू फुटलं. ओंजळीतलं गोडं पाणी तिच्या ओठांवरून खाली सांडलं.

पुढं साहेब आले. हरणांचं ऐकून हळहळले, मग वाळलेल्या गवताकडे बघत म्हणाले, "कुरण मात्र जमलं, बुधाजी. ते खिंडार बुजव बरं, नाहीतर गुरं शिरतील."

बुधाजीनं बुजवलं. संध्याकाळी बैल घेऊन तो कुंपणाच्या कडेनं डोहाकडे निघाला. सवयीनं आत पाहिलं. गवत चांगलं उभं होतं. कुणी मान वर केली नाही.