मांडीवर सूप नसताना

ते साल एकोणीसशे सदुसष्ट. मे महिन्यात बुद्धपौर्णिमा आली होती आणि नागपूर असं तापलं होतं, की इंदोऱ्यातल्या त्या वस्तीत दुपारी कुत्रंसुद्धा रांजणाच्या ओलीवरून उठत नव्हतं. त्या दिवशी दिवेलागणीला विहारासमोरच्या मैदानात तारा पहिल्यांदा एकटी गाणार होती.

वय सोळा. तोवर देवराव मास्तरांच्या गायन मंडळात ती मागं बसायची आणि पुढच्या बाईनं टाकलेली ओळ बाकीच्यांबरोबर उचलायची. पुढं गाणाऱ्या कांताबाई बाळंतपणाला माहेरी गेल्या, म्हणून देवरावांनी ताराचं नाव घेतलं. ताराचे वडील बाबाराव कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, बोलायला कडक. त्यांनी दारातूनच सांगून टाकलं, "एक गाणं गाऊ दे गा तिले. जमलं तं राहीन मंडळात. चार लोकांत माही मान खाली गेली, तं उद्यापासून ती आन् तिचं सूप. गाण्याचं नाव नाही काढायचं."

सूप म्हणजे विड्यांचं. वस्तीतल्या निम्म्या बाया विड्या वळायच्या. दुपारी बाबारावांची थोरली बहीण भीमाबाई, ताराची आत्या, हिच्या अंगणात कडुलिंबाखाली सात-आठ जणी मांडीवर सूप घेऊन बसत. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, सूत बांधायचं. गाण्याचा सराव तिथंच चाले. देवराव गिरणीतली पाळी सुटली की पेटी घेऊन येत आणि बाया हात न थांबवता गात. ताराचा आवाज तिथं इतका मोकळा लागायचा, की पलीकडच्या गल्लीतल्या बायका काम सोडून दारात येत.

त्या दिवशी मात्र तिनं सुपाला हात लावला नाही. चिंच आणि राख लावून तिनं बोटं घासली, तंबाखूचा पिवळा डाग निघेपर्यंत. देवरावांनी बजावलंच होतं, "स्टेजवर हात मांडीवर ठेवायचे. चाळा नाही करायचा. लोक पाहून राहिले असतात."

मंडळातली प्रेमिला तिची वेणी घालत होती. "काहून भिऊन राहिली वं? माईक काही चावत नाही."

"मले पयली ओळच आठवत नाही," तारा म्हणाली.

"रोज झोपेत बरळते ते! 'माझ्या घरी पाटी आली.' म्हन."

तारानं ओठ हलवले. आवाज आलाच नाही. प्रेमिलाचे हात वेणीतच थांबले. मग ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं.

ड्रमांवर फळ्या टाकून स्टेज केलं होतं. समोर सतरंज्यांवर बाया, मागं पुरुष, आणि अगदी शेवटी सायकल स्टँडवर लावून हाताची घडी घातलेले बाबाराव. ताराला बाकी कोणी दिसेना, तेवढे दिसले.

देवरावांनी पेटीवर सूर धरला. ढोलकी सुरू झाली. मुखडा वाजून गेला आणि तिनं उचलायची जागा आली. तारानं तोंड उघडलं. माईकमधून नुसता श्वास सगळ्या मैदानात गेला.

देवरावांनी न पाहताच मुखडा पुन्हा वाजवला. जागा पुन्हा आली, पुन्हा गेली. मागून कोणीतरी म्हणालं, "पोट्टीले पाणी पाजा रे!" हशा पिकला. तारा मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. स्वच्छ, कोरडे, कोणा दुसऱ्याचेच हात वाटत होते. ढोलकी कानात होती, पण तिच्या आत काहीच चालत नव्हतं. पुढं गाणं कुठून धरतात, हेच तिला कळेना.

"आता सोडू नको," देवराव ओठ न हलवता पुटपुटले आणि त्यांनी मुखडा तिसऱ्यांदा घेतला.

मागं बाबारावांनी पायानं सायकलचं स्टँड उडवलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून भीमाबाई अर्धी उठून ओरडली, "वळ वं पोट्टे! वळ!"

लोकांना वाटलं, आत्या म्हणते आहे, माघारी वळ, ये खाली. एक कार्यकर्ता ताराला उतरवायला फळीवर चढलासुद्धा. बाबारावांनीही तोच अर्थ घेतला आणि सायकलचं तोंड घराकडे फिरवलं. भीमाबाई मात्र दोन्ही हात मांडीपुढं धरून हवेत विडी वळत होती. कापलं, भरलं, वळलं, बांधलं. तिच्या मागं सतरंजीवर बसलेल्या मंडळातल्या बायांचेही हात सुरू झाले.

ताराची बोटं आपोआप हलली. अंगठ्यानं नसलेलं पान दाबलं, नसलेली तंबाखू पसरली. कापलं, भरलं, वळलं. ढोलकी नेमकी त्याच चालीत चालली होती, आणि तिला ते आत्ता कुठं ऐकू आलं. सूत बांधायच्या ठिकाणी ओळ तिच्या तोंडातून सुटली. आधी फाटकी, घोगरी. कार्यकर्ता फळीवरच थबकला. दुसऱ्या ओळीला आवाज भरला. 'पाटी आली' म्हणताना तिनं तो असा वर नेला, की देवरावांनी पेटी हलकी केली आणि तिला एकटीला पुढं जाऊ दिलं.

गाणं संपलं तेव्हा बाबाराव सायकल धरून तिथंच उभे होते. जाताना बहिणीला एवढंच म्हणाले, "मले वाटलं, तू तिले घरी बोलावून राहिली."

"घरी बोलवाले काय झालं?" भीमाबाई म्हणाली. "काम अर्धं सोडून कोनी घरी येते का?"

भीमाबाई एकोणऐंशी साली खोकल्यानं गेली. तंबाखू तिच्या छातीत बसली होती. पानं कापायची तिची कैची ताराच्या कपाटात अजून आहे. देवरावांनी पेटी शेवटपर्यंत कुणाला हात लावू दिली नाही. डोळे गेल्यावर सूर तपासायला मात्र ताराला बोलवायचे. प्रेमिला लग्न होऊन खाप्याला गेली. तिनं तिथं बायांचं मंडळ काढलं आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना सुपं घेऊन यायला सांगितलं. बाबाराव लेकीच्या गाण्याबद्दल चांगलं-वाईट कधी बोलले नाहीत. पण पुढच्या वर्षापासून देवरावांची पेटी त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवरून जायची, आणि ती बांधायचं सूत ते घरून आणायचे.

तारा शाळेत शिक्षिका झाली, विड्या सुटल्या. चाळीस वर्षं ती स्टेजवर गात राहिली. गाताना तिचे हात पदराखाली चालत. नवी माणसं म्हणायची, बाई ताल धरतात.

ती कुणाची चूक दुरुस्त करायची नाही.