टेकाडामागचं वळण

कुरुदच्या मोकळ्या जागेवर होणाऱ्या, मुलांच्या छोट्या रेसगाड्यांच्या कार्टिंग ट्रॅकचा नकाशा मी तान्ह्या मृणालच्या झोपांमध्ये काढला. अर्ध्या तासाची एक झोप म्हणजे एक वळण, तेही नशीब असेल तर. सात वळणं पूर्ण झाली तोवर तिला दोन दात आले.

त्यातलं पाचवं वळण माझं. म्हणजे सगळीच मी काढलेली, पण हे माझं. जागेच्या टोकाला मुरुमाचं जुनं टेकाड आहे, त्याच्या मागून ट्रॅक जातो. कॉलेजच्या रेसिंग टीममध्ये मी गाडी चालवायचे. पार्किंगमध्ये प्लास्टिकचे कोन मांडून सराव व्हायचा आणि सगळं कॉलेज बघत असायचं. तेव्हापासून मला असं एक वळण हवं होतं, जिथे गाडीतल्या माणसाला आठ सेकंद कुणीच बघत नाही. मृणाल झाल्यापासून तर फारच हवं होतं.

डांबर पडायच्या आदल्या दिवशी मालक भूपेंद्रभैयांचा फोन आला. "मॅडम, एक बार आके देख लो. पाँचवाला मोड निकालना पड़ेगा."

नवरा स्टील प्लांटमध्ये, पहिल्या पाळीला. बाबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "चाल, मी येतो. पोरीले मी धरतो."

जागेवर चुन्याने ट्रॅक आखलेला होता. बाबांनी वाकून, एक डोळा मिटून त्या रेषेकडे पाहिलं. रेल मिलमध्ये तीस वर्षं रूळ सरळ आहे की नाही, ते त्यांनी असंच पाहिलं.

"सगळंच वाकडं करून ठेवलं वं तू! आमच्याकडे असा माल निघाला असता तर भट्टीत गेला असता वापस."

"सरळ रस्त्यावर फिराले तिकीट कोण काढन, बाबा?"

भूपेंद्रभैयांनी अर्धवट उभ्या शेडकडे बोट केलं. "मम्मी लोग यहीं बैठेंगी. बच्चा टीले के पीछे गया, दिखा नहीं, तो चिल्लाएँगी. आप तो खुद माँ हो, आप ही बताओ."

मृणाल पडद्याआड रांगत गेली तरी मी उठून बघते.

"मैं चलके आती हूँ," म्हटलं, आणि तिला बाबांकडे दिलं.

चुन्याच्या रेषेवरून चालत गेले. टेकाड आडवं आलं, शेड दिसेनासं झालं. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच अंगावर कुणी नव्हतं, कुणाची नजरही नव्हती. रिकामे हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून स्टिअरिंग धरल्यासारखे पुढे केले. उजवा पाय आपोआप दाबला गेला. आणि तरी कान पलीकडेच लागलेले: रडतेय का?

रडत नव्हती. दुसऱ्या बाजूने बाहेर आले, तर बाबांच्या कडेवरून ती नेमकी माझ्याकडेच बघत होती. मी दिसताच तिने दोन्ही पाय झाडले.

"तू गेली तिकडंच पाहून राहिली होती, तोंड वाकडं करून," बाबा म्हणाले. "मीच फिरवलं तिले. म्हटलं, गेली तिकडं काय पाहतं? जिकडून निघन तिकडं पाह्य."

मी भूपेंद्रभैयांकडे वळले. "मोड रहेगा. पीछे एक झंडीवाला खड़ा करो. और शेड इधर लाओ, जहाँ से गाड़ी निकलती है उसके सामने."

"शेड के पाइप तो गड़ गए, मॅडम!"

"उखाड़ो."

ते डोकं खाजवत मजुरांना हाका मारायला गेले. पहिला पाइप निघेपर्यंत मी तिथून हलले नाही. मृणालला भूक लागली, तर तिथल्याच विटांवर बसून, ओढणी घेऊन तिला पाजलं, टेकाडाकडे तोंड करून.