नीलतरंग आणि टोप्यांची बुट्टी

'जिथं विज्ञान संपतं, तिथं नीलतरंग सुरू होतो,' असं उचगावच्या त्या मंगल कार्यालयाच्या दारावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं. त्याखाली लिहिलं होतं, 'चपला स्वतःच्या जबाबदारीवर ठेवाव्यात.' म्हणजे आत कॅन्सर बरा व्हायची हमी होती, बाहेर चपलांची नव्हती.

त्याखाली तिसरी ओळ खडूनं लिहिलेली: 'पांढरे कपडे घालून आत येऊ नये.'

संघप्रिया या तिसऱ्या ओळीपाशी अडकली. बुद्धपौर्णिमेचा दिवस, सकाळी विहारात नेसलेल्या पांढऱ्या साडीतच ती इथं आली होती. संघप्रिया शहरातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची आणि दिवाळी अंकांत विज्ञानकथा लिहायची. पहिल्या कामाचा पगार मिळायचा, दुसऱ्याचा अंक. शेजारच्या सोनूबाईंच्या छातीत गाठ निघाली होती, तपासणीत ती कॅन्सरची ठरली होती, आणि आज संध्याकाळी त्यांना ऑपरेशनसाठी सरकारी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. दुपारी त्यांच्या सुनेनं दारातूनच सांगितलं, "आत्याबाई उचगावला गेल्यात. ऑपरेशन क्यान्सल. म्हाराज बरं करणार हायत."

"पांढऱ्या कपड्यावरनं तरंग परत फिरतो, ताई," दारातला सेवेकरी म्हणाला आणि त्यानं गेरूच्या रंगाची एक शाल तिच्या अंगावर टाकली. शालीला तिच्या आधीच्या वीस-पंचवीस रोग्यांच्या घामाचा वास होता. ती पार घोट्यापर्यंत येत होती, आणि यायलाच हवी, असा सेवेकऱ्याचा आग्रह होता. त्याच्या पायाशी एक मोठी बुट्टी होती. तिच्यात आत गेलेल्या म्हाताऱ्यांच्या पांढऱ्या टोप्या काठोकाठ भरल्या होत्या.

सोनूबाई पुढच्या रांगेत होत्या. शेजारी त्यांचे मालक भाऊसो, उघड्या डोक्यानं, चिडलेले.

"टोपी काढून बसाय घरात कोण मेलंय व्हय?" ते संघप्रियाला म्हणाले. "पर हिचा जीव अडकलाय म्हाराजांत. म्हटलं, बसू."

"मामा, दवाखान्याचं काय?"

"गप की गं," सोनूबाई कुजबुजल्या. "म्हाराज आलं."

विश्वतरंग महाराज आले. चाळिशीचे, तेल लावलेले केस, चॉकलेटी झब्बा, कॉलरला माइक. त्यांच्यामागं स्टेजवर हार घातलेली एक फ्रेम होती आणि फ्रेममध्ये कुठल्या तरी मासिकातून कापलेली छापील पानं.

"आपले ऋषी अँटेना होते," महाराज म्हणाले. "तपाला बसायचे म्हणजे चार्जिंगला बसायचे. आज डॉक्टर काय करतो? कापतो. कापायला खाटीक काय कमी हाय? आमच्याकडं सुरी न्हाय, सुई न्हाय. आमच्याकडं हाय क्वांटम." क्वांटम हा शब्द उच्चारताना त्यांनी डोळे मिटले. पुढच्या दोन रांगांनीही मिटले. "हे मी म्हणत न्हाय. हे एका थोर शास्त्रज्ञानं लिहून ठेवलंय. आज ते देहात न्हाईत." त्यांनी फ्रेमकडं वळून हात जोडले आणि तोंडपाठ म्हटलं, "'नीलतरंगाचा झोत पडताच पेशी आपला मूळ पाठ आठवू लागते. सात मिनिटांत शरीर पुन्हा शिकते.' सातच का? सप्तर्षी सात, स्वर सात, इंद्रधनुष्याचे रंग सात. हिशेब लागतोय का न्हाय?"

हिशेब सगळ्यांना लागला. संघप्रियाला लागला नाही, कारण ते वाक्य तिचं होतं. चार वर्षांपूर्वीच्या एका दिवाळी अंकातलं. कथा घडत होती दोनशे वर्षांनंतर, मंगळावर. महाराजांनी बोलताना मंगळ गाळला होता, पानांवरून लेखिकेचं नाव कापलं होतं, आणि 'विज्ञानकथा' ही वरची पट्टीही कापली होती. आपल्या घरातला चमचा कुणी गटार उपसायला वापरावा, तसं त्या वाक्याकडं बघवेना.

महाराजांनी सोनूबाईंना वर बोलावलं. "छातीतला रोग आपण हाताच्या तळव्यावर उतरवतो," ते म्हणाले. सेविकेनं तळव्यावर पांढरं भस्म चोळलं. दिवे गेले. स्टेजवरच्या दोन नळ्या जांभळट निळ्या पेटल्या, आणि सोनूबाईंचा तळवा अंधारात निळा लखलखला.

सभागृहातून एक लांब 'आऽऽ' निघाला. पहिल्यांदाच आलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

"हा रोग," महाराज शांतपणे म्हणाले.

सात मिनिटं मंत्र झाले. मग सेविकेनं तो हात तरंगजलाच्या परातीत धुतला आणि पुन्हा नळ्यांखाली धरला. हात काळा, साधा, हातासारखा.

"गेला रोग," महाराज म्हणाले. "आता दवाखान्याकडं फिरकू नका, माउली. अंगाला लोखंड लागलं की तरंग मोडला."

सोनूबाई रडत होत्या. सुटल्यासारखं रडणं होतं ते. संघप्रियाला महाराजांची चीड आली होतीच; त्या रडण्यानं आता त्यांची शिसारी आली. ती अंधारातच स्टेजवर चढली, नळ्यांसमोर उभी राहिली आणि शाल खाली टाकली.

पदरापासून काठापर्यंत ती निळीपांढरी पेटली.

"अगं बाई," सोनूबाई म्हणाल्या.

महाराज एक पाऊल मागं सरले, पण सवय मोठी. "बघा, बघा. या भगिनीच्या सर्वांगात रोग पसरलाय."

"सर्वांगात वॉशिंग पावडर पसरलीय," संघप्रिया म्हणाली. "मामा, दारातली बुट्टी आणा."

भाऊसो टोपीसाठी कधीचे टपलेच होते. सेवेकऱ्याला कोपरानं बाजूला सारून त्यांनी बुट्टी आणली आणि स्टेजवर पालथी घातली. टोप्यांचा ढीग चांदण्यासारखा उजळला. भाऊसोंनी त्यातली आपली ओळखून डोक्यावर चढवली. अंधारात टोपी तेवढी दिसू लागली.

"एवढ्या टोप्यांस्नी कॅन्सर झालाय व्हय?" टोपीनं विचारलं.

हसू फुटलं, आधी पुरुषांत, मग बायकांत. संघप्रियानं दिवे लावायला सांगितले आणि वर्गात सांगते तसं सांगितलं. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत एक द्रव्य घालतात. या नळ्यांतून डोळ्यांना न दिसणारे किरण निघतात. ते द्रव्य हे किरण घेतं आणि निळा उजेड बाहेर टाकतं. भस्मात पावडर मिसळली की हात चमकतो. धुतली की चमकत नाही. म्हणून पांढऱ्याला बंदी, म्हणून या शाली. नाहीतर पहिल्याच अंधारात सगळं सभागृह रोगी निघालं असतं.

"असला दिवा आमच्या गल्ल्यावर हाय की," मागनं किराणावाले फक्रुद्दीन उठले. "नोटा बघायचं मशीन." मग मान तिरकी करून त्यांनी महाराजांकडं नीट बघितलं. "आणि पावणं, ते मला तुम्हीच विकलंय. इचलकरंजीत, बसस्टँडजवळ दुकान होतं न्हवं तुमचं?"

विश्वतरंग महाराज, म्हणजे पूर्वीचे विश्वजित, यांनी शेवटचा आधार धरला. त्यांनी फ्रेम उचलली. "दिवा सोडा. पण हे संशोधन? हे छापील हाय."

छापील म्हटल्यावर हसू थांबलं. छापलेल्याचा दरारा मोठा असतो.

"ते माझं आहे," संघप्रिया म्हणाली. "मी देहात आहे." आणि फ्रेमकडं न बघता तिनं पुढचा मजकूर म्हणून दाखवला. त्यात मंगळावरचा सूर्यास्त होता आणि एक लग्न होतं. फक्रुद्दीननी फ्रेम हातात घेऊन बोट फिरवत ताडून बघितलं आणि मान डोलावली.

"म्हंजे," भाऊसो सावकाश म्हणाले, "खोटं तुम्हीच लिवलंय की, मॅडम."

सगळे तिच्याकडं बघू लागले. प्रश्न रास्त होता.

"लिहिलंय, मामा. आणि वर मोठ्या अक्षरांत कथा आहे म्हणून छापलंय. कथा म्हणते, समजा असं झालं तर माणूस कसा वागेल. ते 'समजा' काढलं की उरते ती थाप. विज्ञान वेगळं विचारतं: कशावरनं? दहा जणांवर करून दाखव, दुसऱ्याच्या हातानं करून दाखव, दिवे लावून दाखव. मी लिहिताना विज्ञानाकडनं शंका घेतली आणि कथेकडनं कल्पना. यांनी कथेचं 'समजा' फेकलं, विज्ञानाचं 'कशावरनं' फेकलं, आणि उरलेलं तुमच्या गळ्यात बांधलं. माझ्या कथा वाचा, पोरांना वाचायला द्या. पण आजारी पडलात तर डॉक्टरकडं जा, आणि त्यालाही विचारा, कशावरनं. जो विचारू देत नाही, त्याच्या दारात चपला सोडू नका."

टाळ्या वाजल्या नाहीत. लोक टोप्या शोधत होते. महाराज मागच्या दारानं निघू बघत होते, पण तिथं त्यांच्या सेवेकऱ्यांची आधीच गर्दी झाली होती. बायका परातीतलं पाणी हुंगून बघत होत्या.

रिक्षात सोनूबाई बराच वेळ आपल्या तळव्याकडं बघत बसल्या.

"मला कापायचं लई भ्या वाटतंय," त्या म्हणाल्या. "त्या सात मिनिटांवर जीव बसलावता. सुरी न्हाय, दुखणं न्हाय."

"मावशी, भीती वाटणारच. मी थांबते तुमच्याजवळ."

"ते सगळं खोटं, कळलं. पर सात मिनिटं तरी कुठनं आली? काहीतरी बघूनच लिवलं असशील की."

संघप्रियानं सांगितलं. सोनूबाईंनी ऐकून घेतलं, तळवा लुगड्याला पुसला आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "घरला नगं बाबा. दवाखान्याकडं घे."

मूळ कथेत उपचाराला सहा महिने लागत होते. संपादकांना शेवटच्या पानावर जाहिरात बसवायची होती, म्हणून मजकूर कमी करायला सांगितलं आणि सहा महिन्यांची सात मिनिटं झाली. जाहिरात कांदा-लसूण चटणीची होती.